इस्पिकची दश्शी कुठे गेली?

१८९१ साली न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये सिटमन अँड पिट नावाच्या कंपनीने एक यंत्र बाजारात आणलं. आत पाच रिळं आणि प्रत्येक रिळावर दहा पत्ते. पाच सेंटचं नाणं टाकायचं आणि दांडा ओढायचा. रिळं गरगरून थांबली की समोर पोकरचा पाच पत्त्यांचा हात मांडलेला दिसायचा. यंत्र स्वतः काही देत नसे. बरा हात लागला तर गुत्त्याचा मालक बिअरचा ग्लास पुढे करायचा किंवा सिगार काढून द्यायचा.

आता पाच दाहे पन्नास, आणि कॅट तर बावन्न पत्त्यांचा. दोन पत्ते बाहेर ठेवणं भागच होतं, त्यात कारागिराचा दोष नाही. पण बाहेर कोणते ठेवले ते बघा. बहुतेक यंत्रांतून इस्पिकची दश्शी आणि बदामचा गुलाम गायब असायचे. दुर्री काढता आली असती, तिर्री काढता आली असती. त्या पन्नासांत राहिल्या. पोकरमधला सगळ्यांत मोठा हात म्हणजे एकाच रंगाचे दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का. असे हात चार रंगांचे चार. वरचे दोन पत्ते काढले की उरतात दोनच. शिवाय जे पत्ते एकाच रिळावर छापलेत ते जन्मात एकमेकांशेजारी येऊ शकत नाहीत. किलवरचा एक्का आणि चौकटचा एक्का एका रिळावर असले की एक दिसेल तेव्हा दुसरा मागे लपलेला असणारच. गिऱ्हाईक बिचारं मनात टेबलावरच्या बावन्न पत्त्यांचा हिशेब करून नाणं टाकतंय. यंत्राचा हिशेब वेगळाच आहे, आणि तो बंद पेटीत आहे.

यात बेकायदा काय होतं, असं विचारलंत तर उत्तर देणं अवघड जाईल. बावन्नच पत्ते आहेत असं कुणी लिहून दिलं नव्हतं. आणि तरीही फसवणूक झाली, हे कुणालाही कळतं. जुगाराबद्दलच्या आपल्या सगळ्या सार्वजनिक चर्चेत नेमकी हीच गोष्ट निसटते, असं मला वाटतं.

आपल्याकडे गेली जवळजवळ सत्तर वर्षं वाद चाललाय तो वेगळ्याच मुद्द्यावर: हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा? १९५७ साली आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या बक्षिसी स्पर्धांचं प्रकरण मुंबई राज्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने सांगितलं की जुगार हा व्यापार नव्हेच, त्याला व्यापाराच्या स्वातंत्र्याचं संरक्षण नाही. मात्र ज्या स्पर्धेत कौशल्याचा भाग मोठा आहे ती जुगारात मोडत नाही. १९६७ मध्ये रमी कौशल्याची ठरली, १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यती. मग मोबाइल आला, आणि प्रत्येक कंपनीच्या वकिलाच्या हातात हा एकच दाखला: आमचा खेळ कौशल्याचा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि कौशल्य-नशीब हा भेदच बाजूला ठेवला. काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी न्यायालयाची पायरी चढली. माझं म्हणणं असं की आधीचा प्रश्न चुकीचा होता, म्हणून त्याचं उत्तर फेकून दिल्याने फार बिघडलं नाही. पण त्याच्या जागी बरोबर प्रश्नही आलेला नाही. तो प्रश्न असा: गणित कोण ठरवतं, आणि ते खेळणाऱ्याला दिसतं का? अशा नाणं टाकून रिळं फिरवायच्या यंत्रांची, म्हणजे स्लॉट मशीनची, पहिली पन्नासेक वर्षं नीट बघितली तर या प्रश्नावाचून कायद्याचं काय होतं, ते लख्ख दिसतं.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये चार्ल्स फे नावाचा जर्मनीतल्या बव्हेरियातून आलेला एक कारागीर होता. पत्त्यांच्या यंत्रातली एक अडचण त्याच्या लक्षात आली. पाच रिळं आणि पोकरचे इतके प्रकारचे हात. कोणत्या हाताला किती द्यायचं हे लोखंडाला शिकवणं त्या काळात जवळपास अशक्य. म्हणून त्याने रिळं तीनच ठेवली आणि चित्रं कमी केली. घोड्याची नाल, चांदणी, इस्पिक, चौकट, बदाम आणि फुटकी घंटा. ही घंटा अमेरिकेच्या स्वातंत्र्याची, म्हणून यंत्राचं नाव लिबर्टी बेल. साल १८९५ की १८९९ यावर अभ्यासक अजून भांडतात. काम कसं चालायचं ते मात्र स्पष्ट आहे. प्रत्येक रिळाला जोडलेली एक चकती, चकतीच्या कडेला कमी-जास्त खोलीच्या खाचा, आणि रीळ थांबलं की एक लोखंडी बोट त्या खाचेत उतरायचं. तिन्ही बोटं पुरेशी खोल गेली की खालचं कवाड सरकायचं आणि नाणी खणखणत ताटलीत पडायची.

त्या खणखणाटाने दोन गोष्टी केल्या. गुत्त्याचा मालक मधून गेला. आधी निदान एक माणूस समोर असायचा, त्याच्याशी हुज्जत घालता यायची, ‘अरे, परवा याच हाताला दोन सिगार दिलेस की!’ असं म्हणता यायचं. आता खांद्याएवढ्या उंचीवर लोखंडाची पेटी, आणि पेटीशी कोण भांडणार? दुसरी गोष्ट या यंत्राच्या बाजूची आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. रिळावर दहा जागा, रिळं तीन, म्हणजे एकूण हजार शक्यता. चिकाटीचा माणूस कोपऱ्यात बसून, कोणतं चित्र कितीदा येतं याच्या वहीत रेघा मारून सगळं गणित बाहेर काढू शकला असता. जे डोळ्यांना दिसत होतं तेच आत घडत होतं. फेच्या यंत्रात मालकाचा वाटा होताच, पण इस्पिकची दश्शी कुणी लपवलेली नव्हती.

फे यंत्र विकत नसे. गुत्त्यांत ठेवायचा आणि गल्ल्याची निम्मी वाटणी घ्यायचा. (अमेरिकेत गुत्त्याला सलून म्हणतात. केस कापायच्या दुकानांतही ही यंत्रं असायची, त्यामुळे मराठीत ‘सलूनमध्ये जुगाराचं यंत्र होतं’ म्हटलं तरी दोन्ही अर्थांनी खरंच.) न विकण्यामागे धंद्याची अक्कल होती, तशी नाइलाजाची बाजूही होती. त्याला पेटंट मिळण्यासारखं नव्हतं. १८९७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्याच संघीय न्यायालयाने पत्ते दाखवणाऱ्या अशाच एका यंत्राच्या पेटंटला किंमत दिली नाही, कारण ज्याचा उपयोग फक्त जुगारासाठी ते कायद्याच्या दृष्टीने उपयुक्तच नाही. तत्त्व म्हणून ऐकायला छान. परिणाम असा की पेटंटबरोबर येणारं उघडं रेखाचित्र, आत काय आहे याची सार्वजनिक नोंद, हे फेच्या यंत्राबाबत काहीच झालं नाही. गुपित आणि नक्कल एवढंच उरलं. शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीने लिबर्टी बेलचीच सुधारलेली आवृत्ती काढली आणि देशभर पसरवली. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत फेचा कारखाना गेला तो वेगळा. सभ्य समाजाने ‘आम्ही याकडे बघणारच नाही’ असं म्हटलं, आणि बघितलं नाही म्हणून यंत्र थांबलं नाही.

मग बंदीचा काळ आला. १९०९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने यंत्रांवर बंदी घातली. नेव्हाडाने त्याच वर्षी जुगारबंदीचा कायदा केला आणि तो १९१० पासून लागू झाला. १९११ मध्ये कॅलिफोर्निया. आणि इथून पुढे सुरू झाला कायदा आणि कारखानदार यांच्यातला तो खेळ, ज्याच्या प्रेमात मी या विषयाकडे ओढला गेलो.

कायदा म्हणाला, नाणं घालून नाणी मिळवायची नाहीत. कारखानदार म्हणाले, ठीक, आम्ही च्युइंगम विकतो. यंत्राच्या बाजूला एक झडप बसवली, प्रत्येक नाण्याला एक गमची वडी. रिळं फिरतात ती गिऱ्हाइकाच्या करमणुकीसाठी! नाल आणि चांदणी जाऊन रिळांवर गमच्या स्वादांची फळं आली: चेरी, संत्रं, आलुबुखार, लिंबू. गमच्या पाकिटाची छापील पट्टी आली, तीच पुढे ‘बार’ या चिन्हात उरली. आज मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीवर किंवा कुठल्याही पडद्यावर तीन चेऱ्या ओळीत आल्या की लोक ओरडतात. ते चित्र म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीच्या पळवाटेचा सांगाडा आहे, आणि ओरडणाऱ्यांपैकी कुणाच्या मनातही च्युइंगम नसतो. कुठे पेपरमिंटच्या गोळ्या दिल्या. त्याआधीच्या मोठ्या उभ्या यंत्रांत वाद्यपेटी बसवलेली असायची: साहेब, हा माणूस पाच सेंटला गाणं ऐकतोय, नाणी पडली तर तो योगायोग.

यातली सगळ्यांत चलाख कल्पना पुढच्या डावाच्या पाटीची. यंत्राच्या तोंडावर एक खिडकी, आणि ‘आता नाणं टाकलंत तर काय मिळेल’ ते त्या खिडकीत आधीच लिहिलेलं. बहुतेक वेळा फक्त गम. आधीच सांगितलंय, मग अनिश्चितता कुठे? अनिश्चितता नाही तर जुगार कुठे? न्यायाधीशांपुढे हा युक्तिवाद अगदी गंभीर चेहऱ्याने मांडला गेला. उत्तर सोपं होतं. माणूस या डावाच्या गमसाठी नाणं टाकत नाही, पुढच्या पाटीवर काय उमटेल यासाठी टाकतो. पण ते उत्तर देण्यासाठी प्रत्येक वेळी नवा खटला लागायचा, आणि तोवर गल्ला भरत राहायचा. पुढे रिळं थांबवायची बटणंही आली. बटण दाबून रीळ थांबवता येतं, म्हणजे खेळ कौशल्याचा! आपल्या मोबाइल कंपन्यांच्या वकिलांना वाटत असेल की हा शोध त्यांचा.

एक आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. आपल्या रेल्वे फलाटांवर वजनाचं मोठं यंत्र असायचं. वर रंगीत दिवे, आत भिरभिरणारी चकती, नाणं टाकलं की खट्ट आवाज करून पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. माझं वजन वाढत गेलं, भविष्य मात्र कायम उज्ज्वल राहिलं. शिकागोची वॉटलिंग कंपनी वजनाचे काटेही बनवायची आणि स्लॉट मशीनही. मला त्याचं नवल वाटत नाही. दोन्हींचं बिऱ्हाड एकच: नाणं, खटका, क्षणभराची उत्सुकता. तरी फलाटावरच्या काट्याला जुगार म्हणावं असं कुणाला वाटलं नाही, आणि ते बरोबरच होतं. नाण्याला एक तिकीट, कधीच कमी नाही, कधीच जास्त नाही.

१९३४ मध्ये न्यूयॉर्कचा महापौर फियोरेलो ला गार्डिया हातात घण घेऊन यंत्रं फोडताना छायाचित्रांत दिसतो. फोडलेली यंत्रं बोटीत घालून समुद्रात लोटली. शहरातला हा धंदा चालवणारा फ्रँक कॉस्टेलो यंत्रं घेऊन न्यू ऑर्लीन्सला गेला, लुइझियानाचा दादा राजकारणी ह्युई लाँग याच्याशी संधान बांधून. बंदीचे विरोधक ही गोष्ट रंगवून सांगतात: बघा, बंदी घातली की धंदा फक्त गाव बदलतो. मला हे अर्धवट वाटतं. न्यूयॉर्कच्या दुकानांतून यंत्रं खरोखर गेली आणि ती जाण्याला किंमत होती. शाळेतून येताना मिठाईच्या दुकानात पाच सेंट घालवणाऱ्या पोरांना न्यू ऑर्लीन्स लांब होतं. घण कामाचा नाही असं मी म्हणणार नाही. घणाला पेटीच्या आतलं दिसत नाही, एवढंच म्हणेन.

आता पेटीच्या आत बघू, कारण खरी मेख तिथे आहे. पुढच्या यांत्रिक यंत्रांत एका रिळावर वीस जागा आल्या. वीस गुणिले वीस गुणिले वीस, आठ हजार शक्यता. समजा मोठ्या बक्षिसाची घंटा तिन्ही रिळांवर तीन-तीनदा लावली. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस. आठ हजारांत सत्तावीस वेळा बक्षीस. आता दुसरी मांडणी करा. पहिल्या दोन रिळांवर पाच-पाच घंटा, तिसऱ्यावर एकच. पाच पाचा पंचवीस. आठ हजारांत पंचवीस. बक्षीस जवळजवळ तितकंच दुर्मीळ. पण पहिल्या मांडणीत सुरुवातीच्या दोन घंटा साधारण चव्वेचाळीस डावांत एकदा जुळतात. दुसरीत सोळा डावांत एकदा. म्हणजे ‘अरे, एका घंटेने गेलं!’ हा चटका जवळजवळ तिपटीने जास्त, मालकाचा खर्च वाढला नाही, उलट जरासा कमीच झाला. हा आकडा मी समजण्यासाठी घेतलाय, पण पद्धत खरीच आहे: पहिली रिळं भरघोस, शेवटचं उपाशी. मिल्सच्या यंत्रांत खिडकी मोठी झाली, वरची-खालची चित्रंही दिसू लागली, आणि हुकलेली घंटा एका बोटावर लटकताना दिसायला लागली. तेवढ्यानेही भागलं नाही तर चालवणारा चकतीच्या खाचेत पत्र्याचा एक बारीक तुकडा बसवायचा. त्याला तिकडच्या धंद्यात ‘किडा’ म्हणत. किडा बसवला की लोखंडी बोट त्या खाचेत उतरतच नाही. घंटा रिळावर दिसते, फिरते, थांबत कधीच नाही.

या सगळ्यात खेळाचं नाव जुगार की करमणूक, बाहेर गम पडतो की नाणं, याने तसूभर फरक पडत नाही. फरक पडतो तो किड्याने.

शेवटी तर किड्याचीही गरज उरली नाही. १९७७ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने जुगाराच्या यंत्रालाही पेटंट मिळू शकतं असं मान्य केलं. सोवळं सुटलं आणि १९८४ मध्ये इंगे टेलनेस या संशोधकाला एक पेटंट मिळालं. संगणक यादृच्छिक आकडा काढतो, त्यावरून रीळ कुठे थांबायचं ते ठरतं, आणि समोरचं रीळ फक्त ठरलेला निकाल दाखवतं. खऱ्या रिळावर बावीस जागा असोत, संगणकाच्या मनातल्या रिळावर चौसष्ट असू शकतात. घंटेला चौसष्टातली एक द्या, तिच्या वरच्या-खालच्या रिकाम्या जागांना पाच-पाच द्या. आता घंटा सारखी ओझरती दिसणार, हाती लागणार नाही. गंमत अशी की यात लपवलेलं असं काही नव्हतं. सगळं पेटंटमध्ये छापलेलं, कुणीही वाचावं. यंत्राच्या तोंडावर मात्र ते कधीच आलं नाही. वहीत रेघा मारणाऱ्या चिकाटीच्या माणसाला समोरची चित्रं मोजून आता काहीच मिळणार नव्हतं. १८९१ ची इस्पिकची दश्शी परत गायब झाली होती, या वेळी सरकारी शिक्क्यासह.

आपल्याकडे येऊ. गोव्याचा जुगारविरोधी कायदा १९७६ चा. १९९२ मध्ये त्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना वाट दिली. दुरुस्तीतले शब्द बघण्यासारखे आहेत: ‘इलेक्ट्रॉनिक अ‍ॅम्यूझमेंट’ आणि तिरकी रेघ मारून ‘स्लॉट मशीन’. ती तिरकी रेघ म्हणजे आपली च्युइंगमची झडप. १९९६ मध्ये बोटींवर टेबलांनाही मुभा मिळाली. महाराष्ट्राची तऱ्हा आणखी न्यारी. त्याच १९७६ साली इथेही कॅसिनोवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा मंजूर झाला, पण अंमलबजावणीची अधिसूचनाच निघाली नाही. सत्तेचाळीस वर्षं तो पुस्तकात पडून राहिला आणि २०२३ मध्ये रद्द झाला. अर्ध्या शतकात आपण त्यावर एकदाही धड विचार केला नाही, हो नाही आणि नाही नाही. तोवर जत्रेतलं सोरट, तितली-भवरा आणि परवाना करमणुकीचा घेऊन आत भलतंच चालवणारी व्हिडिओ गेम पार्लरं, हे सगळं छापा पडला की बंद आणि आठवड्याने सुरू.

नव्या केंद्रीय कायद्याची व्याख्या पैसे किंवा अन्य लाभ जिंकण्याच्या अपेक्षेवर उभी आहे. मग मोबाइलवरच्या त्या खेळांचं काय, ज्यात रिळं हुबेहूब फिरतात, फिरकी संपली की खरे रुपये देऊन नवी घ्यावी लागते, आणि जिंकल्यावर मिळतात खेळातलीच खोटी नाणी? गमवाले निदान गम तरी द्यायचे. ही लाभाची अपेक्षा की निव्वळ करमणूक, यावर वकील आणखी दहा वर्षं आनंदात जगतील. मुलांच्या मोबाइल खेळांत आत काय निघेल हे न कळता पैसे देऊन उघडायच्या बंद पेट्या असतात, त्यांची गोष्टही तीच. चीनने २०१७ पासून अशा पेट्यांतून कोणती वस्तू निघण्याची शक्यता किती, हे जाहीर करणं खेळवाल्यांना सक्तीचं केलं. चीनच्या सरकारबद्दल मला फारसं प्रेम नाही, पण या एका बाबतीत त्यांनी पेटीचं झाकण उघडायला लावलं.

‘माहिती दिली म्हणून व्यसन सुटत नाही, सिगारेटच्या पाकिटावरचं चित्र बघूनही लोक ओढतातच,’ असा आक्षेप येईल. खरं आहे. व्यसनी माणसासाठी आकड्यांची पाटी हे औषध नव्हे. पण आकडे लिहिण्याची सक्ती झाली की बनवणाऱ्याला हिशेब बदलावा लागतो, कारण उपाशी रीळ आणि किडा या दोन्ही गोष्टी उजेडात लाजिरवाण्या दिसतात. आणि बंदी घालायची तरी ती कशावर घालायची, हे ठरवायला आतलं माहीत हवंच. ज्या खेळात दिसतं ते घडत नाही, त्याला कौशल्याचा म्हणा, नशिबाचा म्हणा, करमणुकीचा म्हणा, परवाना मिळता कामा नये, एवढं तरी कायद्यात एका वाक्यात लिहिता येईल.

हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे. लॉटरीवर माझे शंभर आक्षेप आहेत, ते पुन्हा कधीतरी. पण सोडतीत तिकिटं किती आणि बक्षिसं कोणकोणती, हे सरकारला आधी जाहीर करावं लागतं. फुटपाथवरच्या टपरीवाल्याकडून घेतलेल्या त्या पातळ कागदावर, बारीक अक्षरात का होईना, बक्षिसांची यादी असते. भागाकार करायचा की नाही, हे घेणाऱ्याने ठरवायचं.